धम्मशीला आणि न उठणारी सहा मशिनं

धम्मशीला पळून गेली, ही बातमी आमच्या वालुरात पहिल्यांदा सटवाजीच्या गिरणीवर आली. उन्हाळ्याचे दिवस, कुरडया-पापडांची दळणं, डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. एवढ्या लांब रांगेतून जाताना कोणतीही बातमी अंगानं भरत जाते. पहिल्या डब्याजवळ धम्मशीला फक्त पिंगळीच्या ठेसनावर दिसली होती. मधल्या डब्याजवळ तिच्या खांद्यावर बॅग आली. माझ्या दुकानाच्या पायरीपाशी बातमी पोचली तेव्हा त्या बॅगेत दिनकररावांच्या टायपिंग क्लासचा माल होता, आणि बाई प्लॅटफॉर्मवर कोणाची तरी वाट बघत येरझारा घालत होती.

येरझारा तेवढ्या खऱ्या. ती नांदेडला गेली होती, कॉम्प्युटरमध्ये बसवायची सहा छोटी कार्डं आणायला. येताना गाडी पिंगळीला सिग्नलसाठी थांबली. बाकीची माणसं अशा वेळी पेंगतात, शेंगा खातात. ही खाली उतरली, प्लॅटफॉर्म या टोकापासून त्या टोकापर्यंत तुडवला, शेवटी वैतागून जीप धरली, परभणी गाठली आणि सेलूच्या एसटीत चढली. एसटी मानवत रोडच्या फाटकात अडकली. फाटकातून शिट्टी मारत गेली ती हिनंच सोडलेली गाडी. म्हणजे पळून गेली हे खरंच, पण गाडीतून. ही दुरुस्ती मी त्याच दिवशी रांगेला सांगितली. रांगेला काही ती आवडली नाही.

माझं मॅचिंग सेंटर आणि तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एक पत्रा आहे. त्यामुळे तिच्याबद्दल मला जे माहीत आहे ते पत्र्याला कान लावून नव्हे, पत्रा असूनसुद्धा माहीत आहे. तात्याराव गुरुजींची ही मधली लेक. चाळिशीला आली, पण एका जागी बसलेली मी तिला पाहिली नाही. चहा उभ्यानं, भाकरी चालत, फोनवर बोलताना रस्त्याच्या त्या कडेला. लग्नात पंगत बसली की ही वाढायला लागते. बसावं लागू नये म्हणून. नवरा पाथरी डेपोत कंडक्टर. तो कायम बसमध्ये आणि ही कायम पायावर, म्हणून तुमचा संसार टिकला, असं मी तिला म्हणते.

"तुमचे मालक तर दिसभर घरीच असतेत, अक्का," ती म्हणते. "तरी टिकलाच की."

एका भीमजयंतीला मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरवरच्या स्पीकरची वायर सैल झाली. गाणं मधेच तुटायचं. ट्रॅक्टर जरा थांबवून वायर जोडली असती तर काम झालं असतं. पण थांबणं हिला कुठलं झेपतंय? ट्रॉलीवर चढली, वायरीचं तोंड पकडीत दाबून धरलं आणि सगळी मिरवणूक संपेपर्यंत तशीच हात वर करून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईना. मी तिला पोळ्या लाटून दिल्या, आणि एका पोळीमागे एक टोमणा.

आता त्या सहा मशिनांचं सांगते.

गिरणीच्या समोर दिनकररावांचा टायपिंग क्लास आहे. त्यांचा मोठा क्लास सेलूला; वालूरची ही शाखा म्हणजे एक खोली, एक पंखा आणि सहा एकसारखे जुने कॉम्प्युटर. चालू केले की पोरी समोरून पाणी पिऊन, वेण्या घालून, माझ्या दुकानातल्या नव्या लेस बघून परत जायच्या, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. तास निम्मा उठण्यातच जायचा. तेव्हा दिनकररावांनी जाहीर केलं, की पुढच्या महिन्यापासून वालूरचा क्लास बंद, मशिनं भंगारात, पोरींनी सेलूला यावं.

पोरींनी यावं म्हणणं सोपं होतं. गिरणीवाल्या सटवाजीची सून शिवकन्या तिथंच शिकत होती. तिची तीसच्या स्पीडची परीक्षा झालेली, चाळीसची महिन्यावर आलेली. सटवाजीनं तिला पाठवलं होतं ते एकाच कारणानं, क्लास गिरणीतून दिसतो. सेलूचं नाव निघताच तो पीठ झटकत म्हणाला, "जीपमधी लोंबकळत सेलूला? न्हाई जमायचं." विषय संपला. शिवकन्या माझ्या दुकानात आली, नको असलेला एक फॉल उगाच बघत बसली आणि तसाच ठेवून गेली.

हे मी धम्मशीलाला सांगायला आणि ती क्लासमध्ये घुसायला एकच गाठ पडली. दिनकरराव तिथंच होते.

"मशिनं चांगली हायेत. त्यांची डिस्क म्हातारी झालीय," ती म्हणाली. "डिस्क बदला."

"एक पैसा घालणार नाही," दिनकरराव म्हणाले. मग त्यांना कपाटातलं काहीतरी आठवलं. पुण्याच्या जावयानं मोडीत काढलेल्या लॅपटॉपांतून काढून आणलेल्या सहा पट्ट्या. बोटभर लांब, पापडाएवढ्या पातळ. नव्या जमान्याच्या डिस्का. "ह्या घे. सेलूच्या मिस्त्रीनं सांगितलंय, असल्या जुन्या बोर्डावर ह्या चालत नाहीत म्हणून. तू चालवून दाखव. रविवारी येतो. एक जरी मशीन माझ्यासमोर पट्टीवरनं उठलं तर क्लास इथंच राहील. नाही तर सोमवारी भंगारवाला."

तर नांदेडची धाव ती यासाठी. पट्टी कार्डात बसली, कार्ड बोर्डात बसलं. शुक्रवारी दिवसभर क्लासमधून तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं, म्हणून मी चौकशीला गेले. ती मशीन उघडं टाकून त्याच्याभोवती घिरट्या घालत होती.

"बसली की पट्टी," मी म्हणाले.

"बसली. जुन्या डिस्कवरनं मशीन चालू केलं तर दिसतीबी, डिस्कवरचं समदं हिच्यावर उतरवूनबी झालं. पर एकट्या पट्टीवरनं उठ म्हणलं की न्हाई उठत." तिनं बोर्डावरच्या नखाएवढ्या काळ्या चीपवर बोट ठेवलं. "ही बघा. लाईट लागली की मशीन आधी हिच्यातलं लिखाण वाचतंय. डिस्क कुठं हाय, कुणापासून सुरू करायचं, समदं हिच्यात. आन हे बोर्ड निघालं तवा असली पट्टी बाजारातच न्हवती. म्हणून हिला पट्टीची वळखच न्हाई. पाव्हणा दारात उभा, आन ही म्हणायली कोण तुमी."

"मग ओळख करून दे."

"तेच करायले. चीपमधलं लिखाण काढून घेतलं, त्यात पट्टीची वळख सांगणारा एक तुकडा घातला. आता ते परत चीपवर लिहायचं."

"मग लिही की. बसलीस कशाला?"

"बसले कुठं? उभीच हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "लिहिताना मधीच लाईट गेली तर लिखाण अर्धंच ऱ्हातंय, अक्का. मंग मशीन पट्टीलाच काय, कुणालाच वळखत न्हाई. नुसता अंधार."

आमच्या गल्लीतली लाईट म्हणजे काय चीज आहे, हे ज्यानं भोगलं त्याला माहीत. सटवाजीनं गिरणीचं बटण दाबलं की सगळ्या घरांतले बल्ब लाजतात, पंखे मंद होतात. क्लासच्या यूपीएसची बॅटरी उन्हानं फुगलेली. धम्मशीलाच्या दुकानातला यूपीएस आणला, तर तो एखाद्या झटक्यापुरतं मशीन सावरायचा, पण जास्त वेळ धरायला सांगितलं की टूं टूं करून मान टाकायचा.

म्हणून शनिवारी तिनं बंदोबस्त केला. बंदोबस्त असा, की जिल्ह्याला मंत्री आला तरी एवढा होत नाही. आधी लाईनमन बजरंगाला गाठलं, लाईनच्या कामासाठी लाईट बंद करू नकोस म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, चारपर्यंत लाईट हालत न्हाई. माझा जिम्मा." मग सटवाजीला सांगितलं, की लिहिणं चालू असेपर्यंत गिरणी बंद ठेवायची. एरवी यमानं सांगितलं तरी त्यानं गिरणी बंद केली नसती, पण सुनेकडे बघून हो म्हणाला. रांगेतल्या बायका कुरकुरल्या. सटवाजी गल्लीभर फिरून सांगून आला, कुणी मोटर लावू नका, कुणी वेल्डिंग करू नका.

दुपारी गिरणी थांबली. ती बंद पडल्यावर गल्ली किती शांत होते हे मला तोवर माहीत नव्हतं. क्लासमध्ये धम्मशीला, शिवकन्या आणि मी. पडद्यावर एक पट्टा हळूहळू भरत होता. धम्मशीला एका पायावरून दुसऱ्या पायावर, खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. शिवकन्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची.

"निम्मं झालं," धम्मशीला म्हणाली, आणि पंखा मंदावला.

आधी वाटलं भास आहे. मग पंख्याची पाती एकेक करून मोजता यायला लागली. यूपीएस टूं टूं ओरडायला लागला. धम्मशीला नुसत्या हातांनी पडद्याला पकडून उभी राहिली, जसं काही सोडलं तर तो पडेल. टूं टूं थांबलं. पडदा काळा.

आम्ही रस्त्यावर धावलो. लिंबाच्या झाडाजवळ ट्रान्सफॉर्मरच्या, आमच्या भाषेत डीपीच्या, खांबाखाली बजरंग उभा होता. हातात लांब काठी. त्यानंच फ्यूज खाली पाडला होता.

"अरे मुडद्या, तूच जिम्मा घेतला होतास न्हवं!" मी ओरडले.

"मावशीचा फोन आला," तो म्हणाला. "म्हणली, लाईट गेली, ये लवकर. म्हणून डीपी तपासायला आलतो."

ही मावशी म्हणजे सटवाजीची आई लक्ष्मीबाई. गिरणीमागच्या गार अंधाऱ्या खोलीत तिची बाज. पंखा तिला सोसत नाही, दिवा ती लावत नाही. उभ्या जन्मात तिनं लाईट ओळखली ती गिरणीच्या आवाजावरून. गिरणी वाजते आहे, लाईट आहे, थांबली, गेली. आणि गेली की बहिणीच्या लेकाला फोन लावायचा. ही तिची गल्लीसाठी केलेली सेवा, याचा तिला अभिमान आहे. सटवाजी सगळ्या गल्लीला सांगून आला होता. स्वतःच्या आईला सांगायचं राहिलं.

"पण गिरणी सोडून लाईट सगळीकडे होती ना रे? फ्यूज पाडायच्या आधी बघायचंस की," मी म्हणाले.

"ताई म्हणली होती, कामासाठी बंद करू नगंस. म्या कामासाठी केलीच न्हाई." बजरंग अगदी मनापासून सांगत होता. "ही तर तक्रार होती. तक्रार आली की आधी डीपीच बघायची असती."

लाईट परत आली. मशीन चालू केलं. आतला पंखा फिरला, पडदा तसाच काळा. पुन्हा, पुन्हा. काळाच. गिरणीवर रांग पुन्हा सुरू झाली आणि अर्ध्या तासात सेलूपर्यंत बातमी गेली, की धम्मशीलानं सगळी मशिनं जाळली. दिनकररावांचा फोन आला. ते मोठ्यानं बोलतात, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं, की रविवारी येतो, पण आता फक्त भंगाराचा भाव करायला.

शिवकन्यानं विचारलं, "ताई, मंग क्लास जाणारच का?"

धम्मशीला माझ्या पायरीवर बसली. खरंच बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी तिला इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं, त्यामुळे टोमणा तोंडात होता तो गिळला आणि आत पाणी आणायला गेले. तांब्या घेऊन बाहेर येते तर पायरी रिकामी! बाई परत क्लासमध्ये, हातात टॉर्च, दुसऱ्या मशीनचं झाकण उघडलेलं.

"अक्का, दोन्ही बोर्डं जुळी हायेत," ती आतून ओरडली. "चीपबी तीच. आन चिकटवलेली न्हाई, नुसती खाचेत बसवलीय. निघती!"

"मग?"

"मंग चांगल्या मशीनला त्याच्या चीपवर उठवायचं. एकदा उठलं की त्याला चीप लागत न्हाई. चालू असतानाच ती चीप उपसायची, तिच्या जागी ही मेलेली बसवायची, आन ह्या मशीनकडून तिच्यावर लिहून घ्यायचं."

"चालू असताना? आणि हात चुकला तर?"

"तर दोन मशिनं भंगारात."

रविवारी दिनकरराव आले. काळा पडदा बघितला, दुसरं उघडलेलं मशीन बघितलं. "एक मारलंस, आता दुसऱ्याला हात लावतेस? काही गरज नाही. बाजूला हो."

तेव्हा शिवकन्या बोलली. सटवाजी दारातच उभा होता; सासऱ्यासमोर इतकं मोठ्यानं मी तिला प्रथमच बोलताना ऐकलं. "काका, उद्या सहाची सहा भंगारातच जायलीत न्हवं? मंग मेलं तर तुमचं काय जातंय?"

दिनकररावांनी सटवाजीकडे पाहिलं. सटवाजी छताकडे पाहत होता, पण मिशीत हसत होता. "करा," दिनकरराव खुर्ची ओढून म्हणाले.

या वेळचा बंदोबस्त धम्मशीलानं दुसऱ्या तऱ्हेनं केला. गिरणी बंद. बजरंगाला क्लासमध्येच आणून खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला. लाईट पाडणारा माणूसच डोळ्यासमोर असला की निम्मी काळजी मिटली. लक्ष्मीबाईला दोन बायकांनी हाताला धरून आणलं आणि ऐन पंख्याखाली बसवलं. "मावशी, हा पंखा फिरतोय तवर लाईट हाय. गिरणीचं ऐकू नगा. फोन पदरात ठेवा." म्हातारी पंख्याकडे मान वर करून बसली.

माझ्याकडून धम्मशीलानं काळ्या दोऱ्याचं रीळ नेलं होतं. चालू मशीनमध्ये लोखंडी चिमटा घालायला नको, म्हणून मशीन बंद असतानाच चीपखालून दोरा ओवून घेतला. मग मशीन चालू केलं. ते आपल्या सवयीनं रमतगमत उठलं. तेवढ्या वेळात तिनं क्लासला तीन प्रदक्षिणा घातल्या असतील. पडदा आला. तिनं दोऱ्याची दोन्ही टोकं बोटांत धरली आणि अलगद वर ओढलं. चीप टुक्कन निघाली. मशीन चालूच.

"अगं माय," लक्ष्मीबाई म्हणाली. "मेंदू काढला तरी जितंच हाय की हे."

मेलेली चीप बसवताना मात्र धम्मशीला थांबली. चीपच्या एका टोकाला बारीकशी खूण असते, चीप उलटी बसली की खेळ खतम. तिनं चीप उजेडाला धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. दिनकरराव मान पुढे काढून बघायला लागले, तशी मी मधे उभी राहिले. चीप बसली. पडद्यावर पट्टा भरायला लागला.

"गेली का?" पंख्यानं जरा सूर बदलला की लक्ष्मीबाई विचारायची.

"न्हाई मावशी."

"आता?"

"न्हाई!"

तेवढ्यात बजरंगाचा फोन वाजला. मागच्या गल्लीतून कोणीतरी; गिरणीचा आवाज येईना, लाईट गेली का म्हणून. तो खुर्चीवरून अर्धवट उठला. धम्मशीलानं पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, "बजरंगा, उठलास तर तुला त्याच खांबाला बांधीन." तो बसला. चहा पुन्हा तोंडाला लावला, कप रिकामा होता तरी.

पट्टा भरला. लिहिलेलं बरोबर आहे का, हे मशीननं पुन्हा वाचून बघितलं. तो वेळ लिहिण्यापेक्षा लांब वाटला. मग मशीन बंद. दोन्ही चिपा आपापल्या घरी. पहिल्या मशीनची जुनी डिस्क तिनं काढून टेबलावर ठेवली. आत फक्त पट्टी. बटण शिवकन्याला दाबायला लावलं.

पंखा फिरला. पडदा काळा. आपोआप बंद झालं. दिनकररावांनी जिभेनं च् केलं. मशीन पुन्हा स्वतःच चालू झालं. काळंच. धम्मशीला पायाच्या बोटांवर उभी होती, पक्षी उडायच्या बेतात असतो तशी. आणि पडद्यावर एकदम अक्षरं आली, अक्षरांत पट्टीचं नाव आलं, आणि शिवकन्या खुर्ची पुढे ओढते न ओढते तोच सगळं समोर हजर. वेण्या घालायला वेळच नाही!

शिवकन्या बसली आणि टायपिंग करायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं, काय टाइप करते आहे ते तिलाही माहीत नसावं, पण बोटं थांबेनात. सटवाजी दारात उभा राहून सुनेची बोटं बघत होता. बाहेर रांग ओरडत होती, गिरणी कधी चालू करताय म्हणून, आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

दिनकररावांनी मशीन बंद करायला लावलं, चालू करायला लावलं. परत बंद, परत चालू. दर वेळी ते उठलं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. शब्द दिला होता, क्लास राहील इथं. बाकीच्या पाचांचंही कर." पण शब्द पाळताना माणसाला काहीतरी टोचून बोलावंसं वाटतंच. उठता उठता म्हणाले, "तरी एक सांगतो धम्मशीला. आत नवीन घातलं म्हणून काय झालं? जुनं ते जुनंच. अशा मशीनवर पैसा न् वेळ घालवण्यात अर्थ नसतो."

धम्मशीला दुसऱ्या मशीनचं झाकण लावत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"दिनकरराव, मागल्या साली तुमचे दोन्ही गुडघे नवीन बसवले. तवा पोरानं तुमाला दवाखान्यात नेलं का भंगारवाल्याकडं?"